सिबिलच्या वहीतली पहिली ओळ

आयुष्यात कुणाचा रुपयाही न बुडवलेल्या सेकंड इयरच्या मुलाने हौसेने स्वतःचा सिबिल अहवाल काढला, तर स्कोअरच्या चौकटीत त्याला बहुधा आकडा दिसत नाही. तिथे ‘एनएच’ अशी दोन अक्षरं असतात, म्हणजे इतिहासच नाही. काही अहवालांत उणे एक लिहिलेलं असतं. ते बघून पुष्कळ मुलं दचकतात, कारण उणे म्हणजे वाईट हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाच्या कर्जव्यवहाराबद्दल आमच्याकडे काहीही नोंद नाही.

कोरं पान आणि खराब पान यांत फार मोठं अंतर आहे, आणि हे सगळं प्रकरण त्या अंतराबद्दल आहे. कोऱ्या पानावर पहिला स्कोअर उमटायला साधारण सहा महिन्यांचा व्यवहार पुरतो. खराब झालेलं पान मात्र नोकरी लागल्यावर, लग्नाच्या वेळी, घर घेताना पुन्हा पुन्हा समोर येतं. म्हणून विद्यार्थ्याने ‘स्कोअर कसा वाढवायचा’ हे नंतर विचारावं. आपल्या नावावर पहिली ओळ कोण लिहितंय आणि कशाची लिहितंय, हे आधी बघावं.

ही नोंद ठेवणारी मंडळी कोण, ते थोडक्यात सांगतो. सिबिल हे सरकारी खातं नाही, ती एक कंपनी आहे. २००० साली मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो या नावाने ती सुरू झाली, आणि आता शिकागोच्या ट्रान्सयुनियनच्या मालकीची आहे. तिच्या जोडीला एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत. २००५ च्या कायद्याने आणि रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने या चौघी चालतात. पण झेरॉक्स किंवा बिसलेरीसारखं सिबिल हेच नाव लोकांच्या तोंडी बसलं. ग्रामीण महाराष्ट्रात तर ते इतकं बसलं, की मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तंबी द्यावी लागली. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. साडेसातशेच्या वर असला की बँकेचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसायला सांगतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या वहीत काय लिहिलं जातं आणि काय नाही, याबद्दल मुलांच्या मनात भलताच घोळ असतो. सदाशिव पेठेत एमपीएससीच्या तयारीसाठी राहणारी मुलं महिनोन्‌महिने मेसचा हिशेब चोख ठेवतात. मावशींच्या वहीत नाव, तारीख, डब्यांचा आकडा, आणि एक तारखेला रोख पैसे. मावशींच्या लेखी त्या मुलाची पत उत्तम असते. पण ती वही सिबिलपर्यंत पोचत नाही. रूमचं भाडं तिथे दिसत नाही, कॉलेजची फी दिसत नाही. दिवसातून वीस वेळा केलेलं यूपीआय दिसत नाही, कारण ते स्वतःचेच पैसे खर्च करणं आहे. डेबिट कार्डाचंही तेच. बचत खात्यात दोन लाख पडून असले तरी अहवालात त्यांचा उल्लेख नसतो, आणि दहावीचे ९४ टक्के तर नसतातच. गावच्या पतसंस्थेतून वडिलांनी कर्ज काढलं आणि वेळेवर फेडलं, तरी त्याची नोंद सहसा तिथपर्यंत जात नाही. माहिती पाठवतात त्या बँका, सहकारी बँका आणि बिगरबँक वित्तकंपन्या.

अहवाल उघडून एकदा नीट बघा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात, मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतच्या. प्रत्येक चौकटीत एक आकडा, म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते. ०००  किंवा ‘एसटीडी’ असेल तर ठीक. ०३० असेल तर महिनाभर उशीर, ०९० असेल तर तीन महिने. उशीर का झाला, ते लिहायला तिथे जागा नाही. आई आजारी होती, मोबाइल हरवला, गावी रेंज नव्हती, यातलं काहीच त्या चौकटीत मावत नाही. स्कोअर काढायचं गणित कंपन्या उघड करत नाहीत, पण सगळ्यांत जास्त वजन याच चौकटींना असतं, हे त्या स्वतःच सांगतात.

‘मला कुठे आत्ता कर्ज काढायचंय?’ असं म्हणणाऱ्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जे बँकेच्या परीक्षा देतात, त्यांनी तर नक्कीच. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत एक अट असते: कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला, सिबिलचा शेरा वाईट असलेला उमेदवार नेमणुकीला पात्र नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक बँकेने सिबिलचा इतिहास बघून रद्द केली होती. आपण सगळी कर्जं आधीच फेडली आहेत, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. जिथे लोकांचा पैसा सांभाळायचा, त्या नोकरीत स्वतःच्या पैशाची शिस्त बघणं गैर नाही, असा एकंदर सूर होता. लेखी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी हे सगळं पार करून आलेल्या मुलाला जुन्या थकलेल्या हप्त्यांनी अडवावं, हे मला कठोर वाटतं. पण नियम तसा आहे आणि तो आधी माहीत असलेला बरा.

याच्या उलट, पान कोरं असेल तर तेवढ्यावरून कुणी हाकलू नये, अशी व्यवस्था आहे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नका, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे. किमान अमुक स्कोअर हवाच, असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही, हेही केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केलं. शाखेतला अधिकारी ‘सिबिल नाही, जमणार नाही’ म्हणाला, तर हे त्याला नम्रपणे सांगायला हरकत नाही.

बऱ्याच मुलांच्या पानावर पहिली ओळ त्यांच्या नकळत आधीच लिहिलेली असते. ती म्हणजे शैक्षणिक कर्ज. बाबांनी सह्या केल्या, बाबाच बँकेत गेले, म्हणून ते बाबांचं कर्ज असा समज असतो. कागदोपत्री मूळ कर्जदार विद्यार्थी असतो आणि आई किंवा वडील सहकर्जदार. नोंद दोघांच्याही अहवालात जाते. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (मंजुरीच्या वेळी ८६०) संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट आहे.

शैक्षणिक कर्जाची खरी मेख त्या सवलतीच्या काळात आहे. कोर्स संपेपर्यंत आणि पुढे साधारण वर्षभर हप्ता नसतो, म्हणून घरात सगळे निवांत असतात. व्याज मात्र निवांत नसतं. आकड्यांतच बघू. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख असे चार लाख उचलले, व्याज साडेनऊ टक्के, सरळ व्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. बेरीज १,३३,००० रुपये. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज चार लाखांचं राहिलेलं नसतं, ५,३३,००० चं झालेलं असतं. शिकत असताना फक्त व्याज भरत राहिलं तर हा फुगवटा येत नाही, काही बँका व्याजदरात थोडी सूटही देतात. पहिल्या वर्षी ते महिन्याला आठशेच्या आत बसतं. दरवर्षी रक्कम वाढते हे खरं, पण निदान पहिली दोन वर्षं तरी बहुतेक घरांना ते झेपावं.

आणि हप्ता सुरू व्हायच्या वेळी जे घडतं, ते कुठल्याही बँकेच्या शाखेत विचारा. कर्ज घेताना दिलेला मोबाइल नंबर बदललेला असतो. ईमेल बारावीत काढलेला, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. मुलगा नोकरीला बंगळुरूला, पगार दुसऱ्याच बँकेत. जुन्या खात्यातून हप्ता वळता व्हायचा आदेश दिलेला असतो आणि त्या खात्यात शंभर-दोनशे रुपये उरलेले असतात. बँकेची पत्रं गावच्या पत्त्यावर येऊन पडतात. पैसे होते, द्यायची इच्छाही होती, तरी पहिल्याच तीन चौकटी लाल. शेवटची परीक्षा संपली की शाखेत जाऊन नंबर, पत्ता आणि हप्त्याची तारीख बदलून घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

शैक्षणिक कर्जाच्या वाटेवर आणखी एक अडथळा असतो, आणि तो मुलाने घातलेला नसतो. वडिलांचं पीककर्ज थकलेलं, अहवाल खराब, आणि वडीलच सहकर्जदार. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत हे नित्याचं आहे. त्यात कर्जमाफीची घोषणा झाली की कर्ज मिटलं असं घरचे धरून चालतात, आणि अहवालात मात्र ‘रिटन ऑफ’ किंवा ‘सेटल्ड’ असा शेरा राहून गेलेला असतो. बँकेने हिशेबातून कर्ज निर्लेखित केलं म्हणजे ते माफ केलं असं होत नाही. असा शेरा दिसला तर बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा आणि नोंद दुरुस्त करून मागावी. सहकर्जदार म्हणून आई, काका, मोठी बहीण असा दुसरा पर्याय चालतो का, हेही विचारावं. मे २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, विद्यार्थ्याचा स्वतःचाच स्कोअर कमी असतानाही, त्याच्या फीचं कर्ज द्यायला बँकेला सांगितलं होतं. शैक्षणिक कर्जाकडे बँकांनी माणुसकीने बघावं, असा त्या आदेशाचा रोख होता. प्रत्येकाला कोर्टात जाणं परवडत नाही हे खरं, पण शाखेत अर्ज फेटाळला तर तो लेखी कारणासह फेटाळून मागा. लेखी मागितलं की पुष्कळ ‘नाही’ विरघळतात.

ज्यांना शैक्षणिक कर्ज नाही आणि तरीही पान भरायला सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी मला पटलेला मार्ग एकच आहे: मुदत ठेवीवरचं क्रेडिट कार्ड. विद्यार्थ्याला पगाराची पावती नसते, म्हणून साधं कार्ड बँका सहसा देत नाहीत. पण त्याच बँकेत पाच-दहा-पंधरा हजारांची एफडी केली, की ती तारण ठेवून कार्ड मिळतं. बँकेनुसार किमान रक्कम वेगळी. वय अठरा पूर्ण हवं, कारण अज्ञानाचा करार कायद्यापुढे टिकत नाही. एफडीचं व्याज चालूच राहतं, आणि मर्यादा ठेवीच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या आसपास मिळते. वार्षिक शुल्क नसलेलंच कार्ड घ्या. हे आग्रहाने सांगतो, कारण विसरलेल्या कार्डावर पाचशे रुपये शुल्क आणि जीएसटी असे ५९० रुपये लागतात, ते कुणी भरत नाही, आणि एकही खरेदी न केलेल्या कार्डावर थकबाकीची नोंद होते.

समजा, लातूरहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलीने पंधरा हजारांच्या एफडीवर बारा हजार मर्यादेचं कार्ड घेतलं. ती त्यावर फक्त दोन गोष्टी घेते: मोबाइलचा रिचार्ज आणि महिन्याचा किराणा, मिळून दोन हजारांच्या आत. तिचं बिल दर महिन्याच्या १० तारखेला तयार होतं आणि भरायची शेवटची तारीख ३०. तिने ११ जूनला घेतलेली वस्तू १० जुलैच्या बिलात येते आणि ३० जुलैला पैसे द्यायचे, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. तीच वस्तू ९ जुलैला घेतली तर फक्त २१ दिवस. बारापैकी दोन हजार वापरले म्हणजे मर्यादेचा सहावा हिस्सा. तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असा एक संकेत आहे, तो सहज पाळला जातो. ३० तारखेची वाट न बघता ती २५ तारखेलाच पूर्ण बिल भरते. सहा-आठ महिन्यांनी तिच्या अहवालात पहिला आकडा दिसतो, आणि बऱ्याचदा तो सातशेच्या वर असतो. या सगळ्यात तिने एक रुपयाही व्याज दिलेलं नाही. स्कोअर वाढायला थोडं व्याज जाऊ द्यावं लागतं, ही निव्वळ अफवा आहे, आणि ती कुणाच्या फायद्याची आहे ते उघड आहे.

याच कार्डावर एक जागा अशी आहे, जिथे भल्याभल्यांचा पाय घसरतो. बिलावर दोन रकमा असतात: ‘टोटल अमाउंट ड्यू’ आणि ‘मिनिमम अमाउंट ड्यू’. दुसरी छोटी असते आणि ठळक छापलेली असते. दहा हजारांच्या बिलावर ती पाचशेच्या आसपास. मुलगा पाचशे भरतो आणि काम झालं समजतो. उशिराचा दंड लागत नाही, अहवालातली चौकटही स्वच्छ राहते, इथवर ठीक. पण उरलेल्या साडेनऊ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के दराने सुमारे ३३२ रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण ३९२. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा पाचशे भरले, तर त्यातले जेमतेम शंभर मुद्दलात जातात. शिवाय बिनव्याजी दिवसांची सवलत गेली, त्यामुळे नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. वर्षाला बेचाळीस टक्के. गावच्या सावकाराला नावं ठेवणारे आपण, हा दर मुकाट्याने भरतो. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तेव्हा कायदा येऊन दर खाली आणेल अशी आशा सध्या धरू नका. कार्डाचं बिल आपोआप भरलं जावं म्हणून ऑटोपे लावताना ॲप विचारतं, पूर्ण की किमान. तिथे ‘पूर्ण’ निवडा. अर्ध्या सेकंदाचा हा निर्णय वर्षानुवर्षं चालतो.

एक-दोन दिवस उशीर झालाच, तर लगेच धसका घेऊ नका. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच थकबाकी कळवायची आणि दंड लावायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एफडी तारण आहे, बँक त्यातून वळतं करून घेईल, या भरवशावर मात्र राहू नका. बँक वळतं करून घेतेच, पण तोवर थकल्याची नोंद होऊन गेलेली असते.

आईच्या किंवा दादाच्या कार्डावर आपल्या नावाचं पुरवणी कार्ड काढलं की आपलाही स्कोअर बनतो, असा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. तो अमेरिकेतून आलेला आहे. तिकडे ती वाट चालते. आपल्याकडे पुरवणी कार्डाचा व्यवहार सहसा मूळ कार्डधारकाच्या नावावर नोंदला जातो. खर्चाच्या सोयीसाठी असं कार्ड घ्या, इतिहासासाठी त्यावर विसंबू नका. अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एमएससाठी जाणाऱ्यांना एवढंच, की इथला ७८० तिकडच्या स्कोअरमध्ये मोजला जात नाही. तिथली मोजपट्टी ३०० ते ८५० ची, आणि सुरुवात पुन्हा कोऱ्या पानाने, बहुधा अनामत रक्कम ठेवून घेतलेल्या कार्डाने. इथलं शैक्षणिक कर्ज मात्र इथल्या अहवालात चालूच राहतं. ते थकलं तर पहिला फोन आई-वडिलांना येतो.

आता पान सर्वांत जास्त वेळा कसं खराब होतं, ते सांगतो. मोबाइलच्या दुकानात दोन मित्र उभे असतात. एकाचा अर्ज आधीच नामंजूर झालेला असतो.

“भावा, तुझ्या नावावर घे ना. हप्ते मी भरतो, एक तारखेला जीपे करतो तुला.”

“पण माझ्या घरी कळलं तर?”

“घरी कसं कळेल? झिरो इंटरेस्ट आहे. बारा महिने, दोन-दोन हजार. विषय संपला.”

विषय चौथ्या महिन्यात सुरू होतो. मित्राचं काम सुटतं, किंवा गर्लफ्रेंड सुटते, किंवा तो सरळ फोन उचलत नाही. ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्या खात्यावर वित्तकंपनी हप्ता मागते, खातं रिकामं, हप्ता परत. बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा. चोवीस हजारांचा फोन दुसऱ्याच्या खिशात आणि ०९० ची चौकट आपल्या अहवालात. मित्राने व्हॉट्सॲपवर दिलेलं वचन कुठलीही कंपनी बघत नाही. आणि त्या ‘झिरो इंटरेस्ट’बद्दल: शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. प्रोसेसिंग फी किंवा हुकलेली सूट अशा कुठल्यातरी रूपात ते वसूल होतं. बिनव्याजी म्हणून ते कर्ज नाही, हा समज तर पूर्णच चुकीचा. ग्राहकोपयोगी वस्तूचं कर्ज म्हणून अहवालात त्याची वेगळी ओळ असते.

गावाकडे याचंच वडीलधारं रूप म्हणजे जामीन राहणं. अठरा पूर्ण झाली की चुलते म्हणतात, “सही कर रे, नुसती नावापुरती आहे.” करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँकेच्या कर्जाला जामीन राहिल्याची नोंद तुमच्या अहवालात येते. चुलत्यांना नाही म्हणणं मित्राला नाही म्हणण्यापेक्षा अवघड आहे हे मान्य. तरी नोकरी नसलेल्या पोराची सही चालते कशी, हा प्रश्न घरात मोठ्याने विचारावा.

पाच मिनिटांत पाच हजार देणाऱ्या ॲपबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांच्या छळाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम असे: पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत, वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत सांगणारं तथ्यपत्रक आधी दिलं पाहिजे, आणि फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी यांना ॲपने हात लावता कामा नये. ॲपने संपर्क मागितले की तिथेच थांबा. जुलै २०२५ पासून अधिकृत ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, ती बघा. आणि ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ असं लिहिलेलं बटण हेही कर्जच असतं, दोनशे रुपयांच्या बर्गरचं असलं तरी.

उरला अहवाल तपासणं. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. एका आठवड्यात चार ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, तर त्या चौकशांनी मात्र होतो. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने दरवर्षी एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. कंपन्या चार आहेत, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकीचा काढला की वर्षभर फुकटात लक्ष ठेवता येतं. आपल्याकडच्या नावांची भानगड यात हमखास होते. पॅनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. त्यात एकाच तालुक्यात एकाच नावाचे चार पाटील, चार जाधव. दुसऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज आपल्या पानावर आलेलं लोकांनी पाहिलेलं आहे. नाव, जन्मतारीख आणि पॅन क्रमांक आधी जुळवा, मग कर्जांची यादी.

चूक दिसली तर संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवायची आणि बँकेलाही ईमेल करायचा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तुमची अठरा वर्षं पूर्ण झाली असतील आणि पॅन कार्ड हातात असेल, तर पहिला अहवाल याच आठवड्यात काढा. ‘एनएच’ आलं तर निर्धास्त राहा. आणि तुम्ही कधी न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं, तर त्याच दिवशी हरकत नोंदवा.